मासे उपाशी ठेवून पाणी सुधारत नाही

ठाण्याहून एक वाचक लिहितात:

«माझी खाऱ्या पाण्याची टाकी 90 × 45 × 50 सेंटीमीटरची आहे, म्हणजे 200 लिटरची. खाली छोटा सम्प (फिल्टरची टाकी) आणि त्यात स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र). टाकी लावून आठ महिने झाले. दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक फायरफिश, एक लॉनमोअर ब्लेनी आणि खडकावर झोअँथस या मऊ प्रवाळाचे दोन-तीन पुंजके आहेत. पहिल्यापासून दिवसातून चार वेळा चिमूटभर पेलेट (सुकं दाणेदार खाद्य) टाकत होते. दर पंधरा दिवसांनी 30 लिटर पाणी बदलते, पाणी स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं. नायट्रेट 80 आणि फॉस्फेट 0.6 वर गेलं (लिटरमागे मिलिग्रॅम), खडक हिरव्या केसाळ शेवाळानं भरले. एक दिवसाआड खायला घाला, असा सल्ला मिळाला. तीन आठवडे तसं केलं. नायट्रेट जेमतेम 70 वर आलं. पण फायरफिश बारीक झाला, क्लाउन ग्रामाच्या मागे लागतात आणि ब्लेनीचं पोट आत गेलंय. माशांचं पोट बघू की पाणी? शेवाळ खायला पिवळा टँग मासा आणू का?»

ताई, उपास आजच सोडवा. माशांना रोज खायला मिळालंच पाहिजे, आणि तरीही तुमचं नायट्रेट 25 च्या आत येऊ शकतं. एकदा फायरफिशकडे बाजूनं नीट बघा. पोट सपाट दिसत असेल तर आठ-दहा दिवसांत भरून निघेल. पण डोक्याच्या मागे, पाठीवर खोबण पडल्यासारखी दिसत असेल तर शरीर स्वतःचंच मांस वापरायला लागलंय, आणि तिथून मासा परत आणणं कठीण असतं. क्लाउनची मारामारीही भुकेचीच. खाणं कमी पडलं की जो दांडगा तो जागा अडवतो.

आता नायट्रेट 80 वर का गेलं ते बघू, कारण हिशेब कळला की उपाय आपोआप कळतो. सागरी माशांच्या सुक्या पेलेटमध्ये साधारण 50 टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत 16 टक्के नायट्रोजन. म्हणजे 1 ग्रॅम पेलेटमध्ये 80 मिलिग्रॅम नायट्रोजन. माशानं खाल्लं तरी आणि वाळूत पडून सडलं तरी त्याचा आधी अमोनिया, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट होतं, आणि सगळ्याचं झालं तर ते भरतं साधारण 350 मिलिग्रॅम. तुमची टाकी 200 लिटरची असली तरी खडक आणि वाळू वजा जाता पाणी 170 लिटरच्या आसपास असणार. तेव्हा एका ग्रॅमला लिटरमागे 2 मिलिग्रॅम नायट्रेट.

चिमटीत साधारण पाव ग्रॅम पेलेट येतात. चार वेळा म्हणजे रोज 1 ग्रॅम, पंधरा दिवसांचं लिटरमागे 30 मिलिग्रॅम नायट्रेट. त्यातलं काही माशांच्या अंगी लागतं, काही स्किमर बाहेर काढतो, काही खडकाच्या आतल्या जीवाणूंमुळे नायट्रोजन वायू होऊन उडून जातं. निम्मंच उरतं असं धरू, म्हणजे पंधरवड्याला 15 ची भर. तुम्ही 170 तले 30 लिटर बदलता, म्हणजे असलेल्या नायट्रेटपैकी जेमतेम 18 टक्के काढता. पंधरवड्याला 15 येतं आणि 18 टक्के जातं, अशी टाकी काही महिन्यांत 70 ते 85 च्या मध्ये येऊन थांबते. तुमची तिथेच थांबलीय. किट खोटं बोलत नाहीये.

उपासानं ते का उतरलं नाही, हेही यातच आलं. खाणं कमी केल्यानं नवीन भर कमी होते, आधीचं साठलेलं पाण्यातच राहतं. फॉस्फेटचं तर आणखी अवघड आहे. ते खडकावर आणि वाळूवर चिकटून बसतं आणि पाण्यातलं कमी झालं की तिथून सुटून परत पाण्यात येतं. म्हणून दोन कामं वेगवेगळी धरा: खायला घालताना एकही दाणा वाया जाऊ न देणं, आणि साठलेलं बाहेर काढणं.

पहिलं काम आधी. सोनाराच्या काट्यासारखा खिशात मावणारा, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा मिळतो. तो आणा आणि तुमची एक चिमूट मोजा. प्रत्येकाची चिमूट वेगळी असते. घरातल्या दुसऱ्या कुणी खायला घातलं की दुप्पट पडतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या पाच लहान माशांना दिवसाला सुक्या मापानं अर्धा ग्रॅम पुरेसा आहे. सुक्या मापानं म्हणायचं कारण असं की फ्रोझन मायसिसची (कोळंबीसारख्या बारीक जीवांची) एक वडी 3 ते 4 ग्रॅमची दिसली तरी तिच्यात 85 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. खरं खाद्य अर्धा ग्रॅमच्या आसपास. पेलेट कोरडे, म्हणून हलके वाटतात, आणि लोक बिनधास्त टाकतात. एक ग्रॅम पेलेट म्हणजे मायसिसच्या दोन वड्या, हे डोक्यात पक्कं बसू द्या.

हा अर्धा ग्रॅम तीन वेळांत वाटा. सकाळी दिवे लागल्यावर अर्ध्या तासानं 0.1 ग्रॅम पेलेट, दुपारी किंवा संध्याकाळी परत 0.1, आणि रात्री दिवे मालवण्याच्या तासभर आधी मायसिसची अर्धी वडी. ज्यांना दुपारी घरी राहणं जमत नाही त्यांनी दोनच वेळा द्यावं, मासे मरत नाहीत. फायरफिश आणि ग्रामा समुद्रात प्रवाहातून वाहत येणारे बारीक जीव दिवसभर टिपतात. त्यांना एका वेळी थोडं आणि अनेकदा, हेच मानवतं.

आता घालायचं कसं. रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर चढवणारा) आणि पॉवरहेड (टाकीत प्रवाह फिरवणारा) बंद करा, आणि त्यांच्याबरोबर स्किमरही. रिटर्न थांबला की वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं, तिथली पातळी चढते आणि चालू राहिलेला स्किमर कप भरून वाहतो. तिन्ही एका एक्स्टेन्शन बोर्डवर घेतलीत तर एक बटण पुरतं. बटण दाबल्याबरोबर मोबाइलवर 10 मिनिटांचा गजर लावा. पंप चालू करायचा विसरून ऑफिसला जाणं ही या छंदातली सगळ्यात महागडी चूक आहे.

पेलेट 1 मिलिमीटरच्या आतले घ्या. एका वाटीत टाकीचंच पाणी घेऊन त्यात मिनिटभर भिजवा. कोरडा दाणा वर तरंगतो आणि पंप सुरू होताच ओव्हरफ्लोतून (पाणी सम्पमध्ये उतरायच्या वाटेतून) थेट फिल्टर सॉकमध्ये (गाळायच्या पिशवीत) जातो; भिजलेला हळूहळू खाली उतरतो आणि मासे त्याला मध्येच गाठतात. सुईशिवायच्या 20 मिलीच्या सिरिंजला एअरलाइनची फूटभर नळी लावा. आधी क्लाउनना त्यांच्या कोपऱ्यात थोडं सोडा, ते तिथे गुंतले की नळीचं टोक फायरफिशच्या बिळाच्या एक वीत अंतरावर नेऊन चार-पाच दाणे सोडा. तो पुढे झेपावतो, टिपतो आणि मागे सरकतो. त्याच्या तोंडात काय गेलं आणि काय खाली पडलं हे तुम्हाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. वाळूवर दाणा पोचला की थांबा. «दोन मिनिटांत संपेल तेवढं द्या» हा नियम सगळीकडे सांगतात, पण क्लाउन दोन मिनिटांत गरजेच्या तिप्पट गिळतो आणि अर्धं न पचताच बाहेर टाकतो. अर्धा मिनिट, मग थोडं थांबून पुन्हा अर्धा मिनिट, हे बरं.

मायसिसची वडी थेट टाकीत टाकू नका. छोट्या वाटीत आरओच्या पाण्यात 10 मिनिटं विरघळवा, चहाच्या बारीक गाळणीतून गाळा, वरून पाणी घाला आणि गाळलेलं पाणी सिंकमध्ये ओता. यानं फॉस्फेटचा प्रश्न सुटतो असं काही जण सांगतात, तसं नाही. बरंचसं फॉस्फेट मांसातच असतं, ते धुतल्यानं जात नाही. धुण्याचा खरा फायदा म्हणजे पाय, डोळे, कवचांचा जो चुरा कुठलाही मासा पकडू शकत नाही, तो गाळणीतून निघून जातो. फ्रोझन आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव) मात्र नुसती देत राहू नका. मासे ती आवडीनं खातात, पण वाढलेल्या आर्टेमियात सत्त्व फार नसतं. आठवड्यातून एखाद्या वेळी, तीही व्हिटॅमिन लावलेली, ठीक.

पेलेटचा डबा छोटा घ्या. ठाण्यात जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की उघडा डबा महिन्याभरात मऊ पडतो आणि त्यातलं तेल खवट होतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी आणि जागा फ्रिजमध्ये. उघडल्यावर तीन-चार महिन्यांत संपवा. दुकानात मोठ्या पोत्यातून पिशव्यांत भरून विकतात ते घेऊ नका, ते कधी उघडलंय कळत नाही. ऑटो फीडरही पावसाळ्यात बेभरवशाचा: ड्रमच्या तोंडाशी दाणे चिकटून गोळा होतो, दोन दिवस काही पडत नाही आणि तिसऱ्या दिवशी सगळं एकदम पडतं.

वीज गेलेली असताना खायला घालू नका. पंप बंद म्हणजे पाणी वरखाली होत नाही, प्राणवायू घटत जातो, आणि खाल्लेलं पचवायला माशाला प्राणवायू जास्त लागतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवा. वीज येऊन तासभर झाला की मग द्या.

ब्लेनीचं वेगळं बघावं लागेल. तो शेवाळ खातो म्हणून आणला जातो, पण तो खडकावरचा पातळ थर खरवडून खातो. केसाळ शेवाळ लांब वाढलं की त्याला हात लावत नाही. म्हणून तुमच्याकडे खडक हिरवेगार आणि ब्लेनी उपाशी. सुशीसाठी मिळते ती नोरी आणा, बिनमिठाची, बिनतेलाची, बिनमसाल्याची. पाकिटावर घटकात फक्त समुद्री शेवाळ असलं पाहिजे. दोन बोटं रुंद, तीन बोटं लांब तुकडा चुंबकाच्या क्लिपला लावून त्याच्या बसायच्या खडकाजवळ खालच्या बाजूला लावा. पहिले तीन-चार दिवस तो बघणारही नाही. तुकडा एका छोट्या दगडाला रबर बँडनं बांधून खाली ठेवलात तर लवकर कळतं. तीन-चार तासांनी उरलेला काढून टाका, भिजून सुटलेली नोरी ओव्हरफ्लोत अडकते. शैवालयुक्त बुडणारे पेलेटही त्याला लागू पडतात. रोज द्या, आणि पोट गोल झालं की एक दिवसाआड.

बाजारातून ताजं आणून घरी खाद्य करता येतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कोकणपट्टीत राहणाऱ्याला हा मोह होतोच. करता येतं: सोललेली कोळंबी 200 ग्रॅम, माकुल 100 ग्रॅम, तिसऱ्यांचं मांस 50 ग्रॅम, नोरीचे दोन कागद. मिक्सरला एक-दोन झटके, 1 ते 2 मिलिमीटरचे तुकडे राहिले पाहिजेत, चटणी झाली की संपलंच, ती टाकीत दुधासारखी पसरते. गाळणीत आरओच्या पाण्यानं धुवा, झिपच्या पिशवीत पापडासारखं पातळ थापून गोठवा, रोज नखाएवढा तुकडा मोडून घ्या. तिसऱ्या जास्त नकोत; त्यांत बी 1 जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइम असतं. बांगडा, तारली नकोत, त्यांचं तेल पाण्यावर तवंग धरतं आणि स्किमरचा फेस बसवतं. सुकट तर नकोच. तिच्यात बहुतेक वेळा रेती असते आणि तेल खवट झालेलं असतं. पण पाच बोटभर माशांसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा विकतची मायसिस सोपी आणि मापात राहणारी आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता साठलेलं काढायचं. 40 लिटरचे चार बदल, दर चार दिवसांनी एक. नवीन भर न धरता आकडा 70 वरून साधारण 54, 41, 31 आणि 24 असा उतरेल. रोजच्या खाण्याची थोडी भर पडून 30 च्या खाली येईल. 40 लिटरला मीठ साधारण दीड किलो लागतं, पण वजनावर विसंबू नका, खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025 बघा. आदल्या दिवशी मिसळा, छोटा पंप रात्रभर फिरू द्या, तापमान टाकीएवढं करा. पाणी काढताना नुसतं वरून उपसू नका. सायफनची नळी वाळूवर फिरवा आणि खडकांच्या मागे जो तपकिरी गाळ बसलाय तिथे आधी पॉवरहेडचा झोत मारून तो उडवा. एका वेळी वाळूचा चौथा भागच साफ करा. आठ महिन्यांचा गाळ एकदम उकरलात तर अमोनिया चढू शकतो. खाऱ्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3, त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा इथे अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात असतो.

नंतर दर आठवड्याला 25 लिटर, न चुकता. रोजचा अर्धा ग्रॅम आणि आठवड्याला 25 लिटर हा हिशेब वरच्याच पद्धतीनं मांडला तर नायट्रेट 20 ते 25 वर थांबतं. त्याच्या खाली आणायचं तर सम्पमध्ये मूठभर चीटो शेवाळ टाका आणि टाकीचे दिवे बंद असताना त्याच्यावर दिवा ठेवा. ते नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही घेऊन वाढतं, आणि मूठभर उपटून फेकलंत की तेवढं खरोखर घराबाहेर गेलं. फिल्टर सॉक दर तीन दिवसांनी बदला. सॉकमध्ये अडकलेला दाणा पाण्यातच आहे, तो काही बाहेर गेलेला नाही. शंख आणि हर्मिट खेकड्यांचंही तसंच: उरलेलं खातात, पण त्याचा अमोनिया त्याच पाण्यात सोडतात.

फॉस्फेटसाठी जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) वापरायचं तर पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा आणि आठवड्यातून दोनदा मोजा. 0.6 वरून दोन दिवसांत खाली आणलंत तर झोअँथस मिटून बसतील. दोन महिन्यांत 0.1 च्या आसपास पोचलात तर उत्तम झालं. शून्य कधीच नको, ना नायट्रेट ना फॉस्फेट. दोन्ही संपलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जीवांचा तपकिरी, बुडबुड्यांचा चिकट थर येतो आणि तो केसाळ शेवाळापेक्षा वाईट. केसाळ शेवाळ पाणी बदलताना हातानं उपटा, एरवी सुटे धागे टाकीभर पसरतात.

प्युरिफायरचं पाणी मात्र बंद करा. स्वयंपाकघरातल्या मशीनला चव यावी म्हणून बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, ते थोडं नळाचं पाणी किंवा क्षार परत मिसळतं. टीडीएस मीटर लावून बघा. 0 ते 5 च्या वर दाखवत असेल तर मत्स्यालयासाठी वेगळं आरओ आणि त्याच्यापुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन लागेल. रोज उडून गेलेल्या पाण्याच्या जागी तुम्ही हेच भरता. पाणी उडतं, त्यातलं आलेलं मात्र साठत जातं.

नायट्रेट मोजताना ज्या किटमध्ये दोन बाटल्या आहेत त्यातली दुसरी 30 सेकंद जोरात हलवा, नाहीतर तळाशी बसलेली पूड येत नाही आणि आकडा खोटा कमी दिसतो. सुरुवातीचे दोन महिने आठवड्यातून एकाच वारी, पाणी बदलायच्या आधी मोजा आणि वहीत शेजारी त्या आठवड्यात किती ग्रॅम घातलं तेही लिहा. आकडा चढला तर आधी ग्रॅम बघा, मग सॉक आणि स्किमर बघा. माशांचा घास सगळ्यात शेवटी कमी करायचा.

गावाला जाताना शेजाऱ्यांच्या हाती पूर्ण डबा देऊ नका. औषधाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी मिळते, तिच्यात रोजचं मोजून भरून द्या आणि मुख्य डबा कपाटात ठेवा. धडधाकट मासे तीन-चार दिवस काही न घालताही राहतात. तुमचे सध्या बारीक झालेत, त्यांना महिनाभर तरी तसं ठेवू नका.

पिवळा टँग आणू नका. तो 20 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, दिवसभर पोहणारा मासा आहे, 90 सेंटीमीटरच्या टाकीत त्याची कोंडी होईल. आणि शेवाळ खाऊन तो जे बाहेर टाकेल ते तुमच्याच पाण्यात पडेल, वर त्याला रोज नोरीचं वेगळं पान लागेल. त्या पैशात आरओ-डीआय घ्या.